चौकट ४१७ मधलं लुगडं

पन्हाळा
९ जानेवारी २०२५

प्रिय आज्जा,

सप्रेम जयभीम.

हैकी कुठे आहे? मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. भूगोल घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला हे लिहायला बरं वाटत नाही, पण चार दिवस मी एकच वस्ती शोधते आहे आणि ती फक्त कागदावर सापडते.

आधी मी इथे काय करते ते सांगते, कारण आईने गडमुडशिंगीत 'पोरगी जिल्हा मोजायला गेल्या' असं सगळीकडे करून ठेवलंय आणि तुमच्यापर्यंत तेच आलं असणार. आमच्या कॉलेजातल्या निवृत्त प्राध्यापिका निर्मला मॅडम यांनी जिल्ह्याच्या नकाशावर चौकटी आखल्या आहेत. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद. प्रत्येक चौकटीत कुणीतरी स्वतः जायचं, उघड्यावर उभं राहून तिथला निदान एक फोटो काढायचा आणि खाली दोन खऱ्या ओळी लिहायच्या. यंदा फक्त पन्हाळा तालुका. आम्ही अकरा जण आहोत, माझ्या वाट्याला बावन्न चौकटी आल्या. अठ्ठावीस फेब्रुवारीला काम बंद होईल, मग नकाशा आणि फोटो यांचं पुस्तक छापायला जाईल. शाळाशाळांतून ते वाटायचं आहे. आपल्या जिल्ह्याचा कुठलाही तुकडा कुणी बघितला नाही असं राहू नये, एवढीच मॅडमची इच्छा आहे. माझीही.

चौकट क्रमांक ४१७ मध्ये, उंबरटेक गावाच्या वरच्या माळावर, मोजणीच्या जुन्या नकाशात तीन काळे ठिपके आहेत. ठिपका म्हणजे घर. शेजारी इंग्रजीत नाव छापलंय, ते हैकी असं वाचता येतं. उंबरटेकच्या पारावर मी विचारलं, "हैकी कुठे आहे?" तर उदयसिंह म्हणून एक पंचायतीचे सदस्य होते ते म्हणाले, "पावणं, हॉकीचं मैदान कोल्हापुरात." बाकीचे हसले. मीही हसले, पण मला उत्तर मिळालं नाही.

बाबा म्हणतात, तुम्ही तरुणपणी मोजणीवाल्यांची साखळी धरायला याच भागात होतात. तुम्ही आजोबांचे मावसभाऊ, तेव्हा हक्काने विचारते. फोन केला होता, पण तुम्ही "गॅस कालच आलाय" म्हणून ठेवून दिलात. म्हणून पत्र. सोबत काढलेले तीन फोटो पाठवते.

तुमची,
दीप्ती


कळंबा
संक्रांतीचा दिवस

चि. दीप्तीस,

बाबासो आज्जाचा जयभीम. पत्र पोचलं. पोस्टमन नाव घिऊन हाक मारताना बघून सून घाबरली. म्हणाली, मामा, कुणावर केस केलीसा काय.

फोनचं मनावर घिऊ नगस. फोन कानाला लावला की आत कुकरची शिट्टी झाल्यागत हुतंय. पत्र बरं. पत्र मोठ्यानं बोलतंय.

फोटू बघितलं. तिन्हीत आभाळच जास्त हाय. आभाळ सगळ्या जिल्ह्यात एकच असतंय पोरी, जमीन काढ.

आता तुझी हैकी. साखळी मीच धरली हुती, एकाहत्तर साली. पंचवीस वर्साचा हुतो. तिथली जागा मला चांगली ठाव हाय. पर आता तिथं कुत्रं बी न्हाय. वर जाऊ नगस. वाटंवर आग्या मव्हाळ हाय, एकदा उठलं की पार बांबवड्यापतोर सोडत न्हाय. खालच्या वाटंनं जा, लांबनं एक फोटू काढ आणि चालू पड. नाव छापलंय तसं ऱ्हाऊ दे. छापलेल्या नावाला हात लावू न्हाई, ते वंगाळ असतंय.

नावाचा अर्थ काय आसंल ते तुमी शिकल्याली माणसं शोधा. आमी साखळी ओढणारी.

तिळगूळ पाठवला असता पर पोस्टात मुंग्या लागतात.

बाबासो आज्जा


पन्हाळा
२४ जानेवारी २०२५

प्रिय आज्जा,

जयभीम. तुमचा सल्ला मानला. मधमाश्यांच्या भीतीने ओढणी डोक्याला गुंडाळून खालच्या वाटेने गेले आणि चौकटीच्या कडेवरून फोटो काढला. तो सोबत आहे. या खेपेला आभाळ कमी ठेवलं आहे.

नावाचंही कोडं सुटलं असं वाटतं. निर्मला मॅडमचं माहेर गडहिंग्लजकडचं, घरात कन्नड. त्या नाव वाचून खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "दीप्ती, हक्की. हक्की म्हणजे पाखरू. इथं एके काळी पाणथळ असणार आणि लांबून पाखरं येत असणार." मग त्यांनी मला पठारावरचे पक्षी आणि सीमेकडून आलेली कन्नड नावं यावर टिपण लिहायला सांगितलं. मी दोन दिवस बसून तीन पानं लिहिली. फोटोखाली एवढंच घेतलं आहे: 'निर्जन पठार. येथे पूर्वी हैकी नावाची वस्ती होती. नाव कन्नड हक्की, म्हणजे पाखरू, यावरून आले असावे.'

तुम्ही तिथे कुणी राहत नाही हे कळवल्यामुळे एक मोठं काम सोपं झालं. आमचा नियम असा आहे, की जिथे माणूस राहत नाही तिथलं वस्तीचं नाव नव्या नकाशातून काढायचं आणि चौकटीवर 'निर्जन' असं छापायचं. त्यामुळे हैकी हे नाव आता निघून जाईल. मला थोडं वाईट वाटतं, पण खरं ते खरं.

तुमचे आभार फोटोखाली मानू का?

तुमची,
दीप्ती


कळंबा
२८ जानेवारी

चि. दीप्तीस,

आभार मानू नगस. काय बी छापू नगस. आधी ह्ये पत्र वाच.

तुझा फोटू मी नातवाच्या भिंगातनं बघितला. उजव्या कोपऱ्यात करवंदीची जाळी हाय बग. तिच्यावर हिरवं लुगडं वाळतंय. निर्जन माणूस लुगडं नेसत न्हाय.

तवा वर माणूस हाय. मव्हाळ न्हाय. मव्हाळ मी घातलं. माझं वय झालंय, चुकून एखादं मव्हाळ पडतंय तोंडातनं.

आणि त्या हक्कीला उडवून लाव. तीन पानं लिवलीस ती ऱ्हाऊ देत, कुणाच्या तरी उपेगाला येतील. ते नाव तू विंग्रजीतनं वाचतीस म्हणून हैकी हुतंय. दाराला कडी लाव आणि मोठ्यानं, आपल्या बोलीत वाच. हाय. की.

कळलं न्हवं?

झालं असं. मोजणीचा सायेब लांबचा, कुठला ते बी ठाव न्हाय. हिंदी बोलायचा. आमी साखळी घिऊन खालच्या बांधावर हुतो. त्येला माळावर धूर दिसला. त्येनं इचारलं, "उधर कुछ है?" मी म्हणलं, "हाय की." त्येनं वहीत तेच लिवलं. चूक सायबाची. मी काय करणार? मला इचारलं, मी सांगितलं.

म्हणून सांगतो, वर माणसं हायत, निर्जन छापू नगस. आणि नाव हाय तसं ऱ्हाऊ दे.

बाबासो आज्जा


पन्हाळा
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आज्जा,

जयभीम. मी दाराला कडी लावून वाचलं. मग शेजारच्या खोलीतल्या बाईंनी काय झालं म्हणून दार वाजवलं, कारण मी एकटीच बराच वेळ हसत होते. नंतर मॅडमना फोन करून पाखरू नाही असं सांगितलं. त्यांनी टिपणाची पानं चाळल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "टिपण चांगलं होतं."

रविवारी वर गेले. तीन ठिपके म्हणजे खरोखर तीन घरं आहेत. पहिल्या घरासमोर एक ऐंशीच्या पुढच्या बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. हिरवं लुगडं तेव्हा अंगावर होतं.

"कोण गं तू?"

"मी दीप्ती कांबळे. फोटो काढायला आले."

"माझा? मी अजून मेलो न्हाय."

"तुमचा नाही, वस्तीचा."

"वस्तीचा काढ. वस्ती कुठं पळून जात न्हाय."

बसायला पोतं दिलं, शेंगा दिल्या. मी विचारलं, "या वस्तीचं नाव काय?"

"नाव कशाला लागतंय? आमी घर म्हणतो."

"आणि खालच्या गावातले काय म्हणतात?"

त्यांनी एका कोंबडीला हाकललं. कोंबडी लांबच होती. मग म्हणाल्या, "त्येंनी म्हणायचं ते म्हणूंदेत. मी वळून बगत न्हाय."

त्यांचं नाव सोनूबाई. दुसऱ्या घरात त्यांचा नातू प्रसेनजीत आणि त्याची बायको अक्षता राहतात. तिसऱ्या घराला कुलूप आहे. ते कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या धाकट्या दिराचं. बाबासोचं. किल्ली कळंब्याला असती."

आज्जा, तुम्ही मला हे का सांगितलं नाहीत? तुमच्याच घराच्या ठिपक्यावर मी बोट ठेवून महिनाभर फिरते आहे.

आता अडचण ऐका, ती खरी आहे. वस्ती निर्जन नाही, हे उत्तम. पण माणसं असलेली चौकट आम्ही नावाशिवाय सोडत नाही. नियमाप्रमाणे नाव तेच, जे तिथे राहणारे किंवा शेजारचे लोक तोंडाने म्हणतात. हायकी असं कुणीच म्हणत नाही. ती मोजणीतली चूक आहे, तुम्हीच लिहिलंत. कुणाच्याच तोंडात नाव नसेल, तर उंबरटेक पंचायतीच्या जुन्या वहीतलं घ्यायचं. मी ती वही बघितली. तिथे काय लिहिलंय ते मी या पत्रात लिहिणार नाही, तुम्हाला ते माहीत आहे. त्यात आपली जुनी जात आहे आणि पुढे वाडा आहे. खालचे लोकही अजून तेच म्हणतात.

मॅडमनाही ते छापायचं नाही. पण त्या म्हणाल्या, "एका चौकटीला नियम वाकवला, तर उद्या प्रत्येक सरपंच आपल्या आजोबांचं नाव डोंगराला देईल." त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. सोळा तारखेला त्या स्वतः बघायला येणार आहेत. चूक असलेलं नाव मी खरं म्हणून पुढे करू शकत नाही, आणि ते दुसरं नाव माझ्या हाताने लिहू शकत नाही. मला झोप लागत नाही.

तुमची,
दीप्ती


(पोस्टकार्ड)

कळंबा, ९ फेब्रुवारी

दीप्ती, झोप. १६ ला मॅडमना जरूर आण. फाट्यावर गाडी सोडा आणि चालत वर या. डोळं उघडं ठेवा. वाटंत काय दिसंल त्याचा फोटू काढ. पारावर पयला च्या घ्या. बाकी काय इचारू नगस. बाबासो.


पन्हाळा
१७ फेब्रुवारी २०२५

आज्जा,

जयभीम.

मी रागावले आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही हसणार नाही.

काल मॅडमना घेऊन उंबरटेकच्या पारावर गेले. चहा मागितला. मॅडमनी उदयसिंहांना विचारलं, वर कुठली वस्ती आहे? ते शाळेत उभं राहतात तसे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वरच्या वस्तीला पूर्वीपासून हायकी असे म्हणतात." शेजारच्या माणसाला विचारलं. तोही उठला. "वरच्या वस्तीला पूर्वीपासून हायकी असे म्हणतात." तिसऱ्याने तर न विचारताच सांगितलं, आणि मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बरूबर म्हणलं न्हवं? त्या म्हाताऱ्यानं दोनदा च्या पाजलाय."

मग आम्ही चढायला लागलो. फाट्यापासून वस्तीपर्यंत सात दगड. सातही दगडांवर लाल रंगात हायकी. एकावर हायकि, एकावर नुसतं हाय, कारण पुढे दगड संपला होता. पहिल्या दगडावर 'हायकी २ कि.मी.'. त्याच्या वरच्यावर 'हायकी अडीच कि.मी.'. आज्जा, तुम्ही आयुष्यभर साखळी धरली आहे. वर जाताना अंतर वाढतं का?

मॅडमना दम लागला म्हणून त्या चौथ्या दगडावर टेकल्या. रंग ओला होता. त्यांच्या पांढऱ्या साडीवर मागे उलटं नाव उठलं. त्या उठून तशाच पुढे चालू लागल्या. मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला दोन तास ते वाचावं लागलं.

वर सोनूआज्जींना मॅडमनी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्ये आपलं... थांबा. अक्षता, काय गं सांगितलंतं दिरानं?"

उतरताना मॅडम एवढंच म्हणाल्या, की गेली तीस वर्षं त्या परीक्षेत कॉपी पकडत आल्या आहेत, पण इतकी मनापासून केलेली त्यांनी पाहिली नाही. मग म्हणाल्या, "अठ्ठावीसपर्यंत थांबते. त्यानंतर वही."

प्रसेनजीतने सांगितलं, तुम्ही चौदा तारखेला एस.टी.ने आलात, बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ त्याच्याकडून घेतलात आणि दोन दिवस दगड रंगवत होतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, उन्हात. त्यातल्या एकाही दगडाचा फोटो मी वापरणार नाही. मी घरातली पहिली शिकलेली मुलगी आहे. माझं पहिलं काम खोटं असावं असं तुम्हाला वाटतं का?

दीप्ती


कळंबा
२१ फेब्रुवारी

चि. दीप्तीस,

जयभीम.

मॅडमच्या साडीचं मला वाईट वाटलं. हिंगूळ निघत न्हाय, त्येंना सांग. अंतराचं म्हणशील तर मी पावलांनी मोजलं. चढाला पाऊल आखूड पडतंय, पावलं वाढतात. त्येला मी काय करणार.

तू रागावलीस ते बरं केलंस. म्हणून आता खरं लिवतो. मागच्या पत्रात अर्धंच लिवलं हुतं.

मोजणीच्या वेळी सायबाबरोबर गावातनं एक माणूस दिलेला असायचा, जागंची नावं सांगायला. उंबरटेकात विजयसिंह हुते. मोठ्या घरातले. ओढा, टेक, देऊळ, सगळी नावं त्येंनी सांगायची, सायेब लिवणार. आमी साखळी धरायची, बोलायचं न्हाय. त्या दिवशी दुपारी विजयसिंह जेवले आणि आंब्याखाली झोपले. घोरत हुते. तवाच सायबाला धूर दिसला. तो धूर आमच्या आईच्या चुलीचा.

सायबानं इचारलं, मी हाय की म्हणलं. हितवर तुला म्हाईत हाय.

म्होरलं असं. सायबाचा मदतनीस हुता, त्येनं वहीतलं वाचून दावलं. म्हणाला, "हैकी. नाम बराबर है?" मला कळलं काय झालंय. मी बोललो असतो तर त्येनं खोडलं असतं. मग विजयसिंहांना उठवलं असतं. ते उठून बसले असते, डोळं चोळलं असतं, आणि ते नाव सांगून बाजूला थुकले असते. नेहमी तसंच करायचे.

मी म्हणलं, "बरूबर." आणि त्येंना उठवलं न्हाय. साखळी उचलताना सुदिक वाजू दिली न्हाय. तसाच हातात धरून म्होरं गेलो.

घरात बी कुणाला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर गावात गेलं असतं, आणि गावानं खोडून घेतलं असतं. चोपन्न वर्सं झाली. नकाशा कुणी बघत न्हाय म्हणून ते नाव टिकलं. आणि तू बघितलास. म्हणून मव्हाळ घातलं, म्हणून हक्की उडू दिली, म्हणून दगड रंगवलं. तू शिकल्याली, तू चूक दुरुस्त करशील ह्येचीच भीती हुती मला.

मी खोटं बोललो म्हणतीस. व्हय. पर नीट बग. सायबानं इचारलं तिथं काय हाय का. मी म्हणलं हाय. त्येच्यात खोटं कुठलं?

तुला जे वाटंल ते कर. मी आता पोस्टात जायचा न्हाय, पाय सुजलाय.

बाबासो आज्जा


पन्हाळा
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आज्जा,

जयभीम. पायाला मिठाचं पाणी लावा आणि महिनाभर एस.टी. बंद.

तुमचं पत्र मी घेतलं आणि मंगळवारी वर गेले. मॅडमना बोलावलं नाही. सोनूआज्जी, अक्षता आणि प्रसेनजीत यांना अंगणात बसवून सगळं पत्र वाचून दाखवलं. तुम्ही कुणाला सांगू नको असं लिहिलं नव्हतं, तेव्हा तो माझा दोष नाही.

साखळी वाजू दिली नाही इथपर्यंत आले आणि सोनूआज्जींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "चोपन्न वर्सं त्या घोरण्यावर आमी ऱ्हातोय आणि आमाला पत्ताच न्हाय." मग जरा वेळाने त्यांचा आवाज बदलला. "पर दिरानं आमाला बी इचारलं न्हाय गं. खालच्यांनी नाव ठेवताना इचारलं न्हाय, सायबानं इचारलं न्हाय, आणि ह्येनं बी न्हाय."

हे तुम्हाला लागेल म्हणून गाळणार होते. गाळत नाही.

मी म्हटलं, "मग मी विचारते. कोरं ठेवता येत नाही. वहीतलं एक आहे, नकाशातलं चुकून आलेलं एक आहे, किंवा तुम्ही आज दुसरं कुठलंही ठेवा. मी तेच लिहीन."

प्रसेनजीतने दोनतीन मोठी नावं सुचवली. नगर होतं, विहार होतं. अक्षता म्हणाली, "तीन घरांचं नगर?" सोनूआज्जी बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या सायबाला कळलं न्हाय ते चांगलं झालं. तेच ऱ्हाऊ दे. पर आता माझं म्हणून लिव्ह, चूक म्हणून न्हवं." आणि लगेच प्रसेनजीतला म्हणाल्या, "बग की, खाली जाऊन एकदा म्हणून ये. कसं वाटतंय बगू."

तो गेला. पारावर उदयसिंहांनी विचारलं, "कुठनं आलास?" तर म्हणाला, "हायकीतनं." उदयसिंह सवयीने उठून उभे राहिले, मग चहा कुणी पाजणारा दिसेना म्हणून परत बसले. पण बसताना म्हणाले, "बरं. हायकीत पाणी आलं का आज?" हे प्रसेनजीतने मला येऊन शब्दाला शब्द सांगितलं, आणि मी तारीख घालून लिहून घेतलं.

तुमचे सातही दगड मी आणि प्रसेनजीतने थिनरने पुसले. वाईट वाटून घेऊ नका. नाव चालेल, पण अंतरं चुकीची होती.

चौकट ४१७ चा कागद मी आज सकाळी कोल्हापूरला जाऊन मॅडमच्या हातात दिला. फोटो मी जानेवारीतलाच ठेवला आहे, खालच्या वाटेवरून काढलेला, कोपऱ्यात लुगडं असलेला. त्याखाली आता असं आहे: 'हायकी. तीन घरे. १९७१ च्या मोजणीत येथे काही आहे का, या प्रश्नाला मिळालेले उत्तर नाव म्हणून लिहिले गेले. साखळी धरणाऱ्याने ते जाणूनबुजून दुरुस्त केले नाही. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी येथील रहिवाशांनी हेच नाव स्वतः ठरवले.' दोन ओळींची मर्यादा ओलांडली गेली. मॅडमनी चष्मा लावून दोनदा वाचलं, "पाखरू गेलं म्हणायचं," म्हणाल्या, आणि सही केली.

कागदात शेवटी एक रकाना असतो, माहिती देणाऱ्याचं नाव आणि पत्ता. बाकीचे तिथे 'स्थानिक' असं लिहून मोकळे होतात. मी पूर्ण भरला. तुम्हाला पत्र घालून विचारलं असतं तर तुम्ही आणखी एखादं मोहोळ पाठवलं असतं, म्हणून न विचारता भरला, आणि छापखान्यात तो उद्या जाईल. त्यात लिहिलं आहे: बाबासो कांबळे, वय अठ्ठ्याहत्तर, काम मोजणीची साखळी धरणे, सध्या राहणार कळंबा, मूळ राहणार हायकी.

तुमची,
दीप्ती